वाढदिवस घरचा, गाडी मुंबई ते मिरज

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारची भांडी आवरून जरा पाठ टेकावी म्हणत होते, तोच मागच्या दारानं आमची धाकटी जाऊ आली. आमची घरं एकाच गल्लीत, त्यामुळे तिचं येणं-जाणं नेहमीचंच. पण त्या दिवशी चेहरा उतरलेला. चहा टाकला, कप तिच्या हातात दिला, आणि एक घोटही न घेता तिनं डोळ्याला पदर लावला.

"वहिनी, पुढच्या महिन्यात बाळाला सहावं संपतंय. अन् तो विचारतोय, माझी थीम कुठली?"

झालं होतं असं. पंधरा दिवसांपूर्वी बाळाच्या वर्गातल्या एका मुलाचा वाढदिवस हॉलमध्ये झाला. तिथं म्हणे सगळं जंगल उभं केलं होतं. पुठ्ठ्याचे हत्ती, फुग्यांची कमान, केकवर वाघ, आणि परत येताना प्रत्येक पोराच्या हातात खाऊची पिशवी. बाळ घरी आला तो डोळे मोठे करूनच. जाऊनं मग त्याच हॉलवाल्याला गुपचूप फोन केला. पंधरा मुलांचे अकरा हजार, केक वेगळा! इकडे भावजींच्या कारखान्यात दिवाळीपासून जादा काम बंद झालेलं. हातात येतो तो नुसता पगार, त्यात मामंजींची औषधं. तरी ही वेडी मला विचारायला आली होती, "या महिन्याची भिशी माझ्या नावानं निघाली तर उचलू का? ह्यांना नंतर सांगेन."

भिशीचं नाव काढल्याबरोबर मी तिच्यापुढं माझीच कथा ठेवली. ती तुम्हालाही सांगते, कारण अशी चूक करणारी मी काही एकटी नसेन.

माझ्या थोरलीच्या पाचव्या वाढदिवसाला मी हेच केलं होतं. भिशी उचलली आणि ह्यांना सांगितलं, माहेरून आले पैसे. हॉल घेतला, विदूषक बोलावला, तीन मजली केक आणला. माणसं साठ झाली, त्यात मुलं वीस. बाकी सगळी ज्यांच्याकडे आपण जेवून आलो होतो ती मंडळी! विदूषकाचा रंगवलेला चेहरा बघून आमची लेक जी रडायला लागली ती थांबेचना. केक कापताना तिचा हात मीच धरला होता. फोटोत ती माझ्या खांद्यावर झोपलेलीच आहे. पुढं शाळेची फी भरायची वेळ आली आणि डब्यात पैसे नाहीत. तेव्हा खरं सांगावं लागलं. हे रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते काहीच बोलले नाहीत. नुसते खुंटीवरचा शर्ट घालून बाहेर पडले आणि कोणाकडून तरी उसने घेऊन आले. ते शर्ट घालून बाहेर पडणं मी अजून विसरलेली नाही.

म्हणून जाऊला म्हटलं, "भिशीला हात लावायचा नाही. भावजींना आज रात्रीच विचार, सरळ किती निघतील ते. जो आकडा सांगतील त्यातच करायचं. आणि थीम मी सांगते."

भावजींनी दीड हजार सांगितले.

आता ही थीम म्हणजे काय हो? नाव इंग्रजी म्हणून आपण बिचकतो एवढंच. एक कल्पना धरायची आणि आमंत्रणापासून खाऊपर्यंत सगळं तिच्याभोवती गुंफायचं. हळदीकुंकवाला आपण काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, तिळगूळ असं सगळं एका मेळात बसवतो, ती थीमच की! बाजारात या थीमचे तयार खोके मिळतात आणि मोबाईलवर मागवले की घरपोच येतात. पण त्या खोक्यातलं जंगल आपल्या लेकराचं नसतं, कुणाचंही असतं. तुमच्या मुलाला कशाचं वेड आहे ते आधी बघा. एकाला बैलगाडी, एकीला दुकान-दुकान खेळायचं, कुणाला नुसत्या मुंग्या. ज्याचं वेड आहे त्याचं सामान घरात आधीच निम्मं जमलेलं असतं.

आमच्या बाळाला वेड आगगाडीचं. मिरजेचं पोर, नवल ते काय! पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर, चारी दिशांना रूळ जातात आमच्या गावातून. रात्री गाडीची शिट्टी आली की हा अंथरुणात उठून बसतो. त्यामुळे थीम शोधायला लागलीच नाही. गाडी सोडायची, मुंबईहून मिरजेला.

पहिली गोष्ट मुलांची संख्या. माझा आपला हिशोब असा, की मुलाच्या वयाच्या दुपटीहून जास्त पोरं बोलावू नयेत. सहा वर्षांच्याला बारा. त्याहून जास्त झाली की खेळ राहतो बाजूला आणि आपण नुसत्या "अरे पडशील, अरे थांब" करत फिरतो. वर्गातली आणि गल्लीतली मिळून बारा, शिवाय घरची दोन चुलत भावंडं. मोठ्या माणसांना बोलावणंच नाही, फक्त मुलाला सोडायला येईल त्या आईला चहा आणि एक वडा. वेळ पाच ते सात. दोन तासांच्या वर लहान मुलांचा उत्साह टिकत नाही, आपला तर त्याआधीच संपतो.

आमंत्रणाला घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढल्या. त्यांच्या कोऱ्या पाठी कापून पूर्वी मिळायची तशी लहानशी जाड पुठ्ठ्याची तिकिटं केली. तुमच्यापैकी पुष्कळजणींना आठवत असतील ती, खिडकीतला बाबू खट्‌कन तारीख उठवून द्यायचा. जाऊचं अक्षर सुरेख. तिनं लिहिलं : "वाढदिवस एक्स्प्रेस. मुंबई ते मिरज, मार्गे बोरघाट. सुटण्याची वेळ सायंकाळी ५. सोबत एक रिकामी काडेपेटी आणावी. इतर कोणतेही सामान नेण्यास सक्त मनाई आहे."

या शेवटच्या ओळीबद्दल थोडं सांगायला हवं. बाळाच्या वर्गातला एक मुलगा त्या जंगलाच्या वाढदिवसाला गेलाच नव्हता. पोट दुखतंय म्हणाला. नंतर मंडईत त्याची आई जाऊला भेटली, तेव्हा बोलता बोलता म्हणाली, "एका महिन्यात तीन वाढदिवस आले हो. प्रत्येकाला दीडशे-दोनशेची वस्तू तरी न्यायला लागते. रिकाम्या हातानं कसं पाठवू?" आपण हौसेनं बोलावतो खरं, पण त्या बोलावण्याचा बोजा कुठं जाऊन पडतो ते आपल्या लक्षात येत नाही. 'आहेर आणू नये' असं पत्रिकेत छापलं तरी लोक आणतातच, कारण रिकाम्या हातानं यायची लाज वाटते. म्हणून सगळ्यांनीच आणायची एक बिनपैशाची वस्तू आपणच सांगून टाकावी. काडेपेटी कुणाच्याही घरात निघते. आणि तिचं काय करायचं ते पुढं सांगते.

सजावट म्हणाल तर इलेक्ट्रिकच्या दुकानातून मोठे दोन खोके फुकट मागून आणले. एक आडवा, एक उभा जोडून झालं इंजिन. काळा रंग पोस्टरचा, चाकांना जुन्या ताटाभोवती पेन्सिल फिरवून कापलेले पुठ्ठे. मागं खुर्च्या, पाट, आणि एक बाज असे डबे. भिंतीवर स्टेशनांच्या पाट्या. मामंजींनी त्या पिवळ्या कागदावर काळ्या अक्षरांत स्वतः रंगवल्या, चार दिवस बसून. औषधाची वेळ झाली तरी उठायचे नाहीत. जाऊ म्हणाली, वहिनी, इतके दिवसांत मामंजी आपणहून कशात रमलेले मी पाहिले नव्हते. गाडीचे गार्ड अर्थात तेच झाले. एक हिरवा नि एक लाल ब्लाऊजपीस काठीला बांधून झेंडे, आणि तिकिटाला भोक पाडायला भावजींचं कागदाला भोक पाडायचं यंत्र.

थर्माकोलचं काही आणू नका, बरं का. आपल्या राज्यात २०१८ साली थर्माकोलची ताटं-वाट्या आणि एकदा वापरून टाकायच्या प्लॅस्टिकवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून तर साऱ्या देशात सजावटीचा थर्माकोल, फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या, प्लॅस्टिकच्या पेले-ताटल्या, चमचे बंद आहेत. तरीही दुकानात कोपऱ्यातून काढून देतात. आपण स्टीलच्या ताटल्या काढल्या. पंधरा ताटल्या-पेले कुठल्या घरात नसतात? आणि फुग्यांचं म्हणाल तर घरात तीन-चार वर्षांचं बाळ असेल तर फुगे नकोतच. फुटक्या फुग्याचा तुकडा तोंडात घालून श्वास अडकायला क्षणही पुरतो. तो फेसाचा फवारा मारायचा डबा मिळतो, त्यालाही माझ्या घरात बंदी आहे. त्यात पेट घेणारा वायू असतो आणि आपण तो उडवणार कुठं, तर पेटत्या मेणबत्तीपाशी!

आता प्रवास. गाडी सुटायच्या आधी मुंबईला औक्षण. पाटाभोवती रांगोळी, तबकात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. बाळाला आधी ओवाळलं, मग इंजिनाला हळदकुंकू लावून नारळ वाढवला. पोरं अशी हसली! त्यांना मामंजींनी सांगितलं, की अरे, गाड्यांचाही वाढदिवस असतो. आपली डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी पहिल्यांदा धावली, आणि दरवर्षी त्या तारखेला पुणे स्टेशनवर तिचे नेहमीचे प्रवासी केक कापतात. पोरांना खरं वाटेना. मी म्हटलं, अरे खरंच, गाडीला हारबीर घालून.

मग शिट्टी आणि हिरवा झेंडा. सगळ्यांनी एका जुन्या नऊवारीच्या आत उभं राहायचं, साडीची टोकं बांधलेली, आणि झुक झुक करत अंगणाला एक फेरी. दर स्टेशनला ड्रायव्हर बदलायचा. हे आधी ठरवून ठेवा, नाहीतर रडारड ठरलेली. आमच्या उत्सवमूर्तीनंही कर्जतला भोकाड पसरलंच, "मीच ड्रायव्हर!" म्हणून. तेव्हा त्याला मामंजींनी लाल झेंडा दिला. झेंडा दाखवून गाडी थांबवायचा अधिकार मिळाल्यावर गडी शांत झाला.

कर्जतला वडे. ते मुलं यायच्या आधीच तळून ठेवावेत. कढईतलं तापलेलं तेल आणि धावणारी पोरं एका घरात एका वेळी नकोत. दोन किलो बटाट्यांत लहान आकाराचे चाळीसेक वडे झाले. बेसन पाऊण किलो पुरलं. मिरची अगदी बेताची, आलं-लसूण आणि लिंबू मात्र भरपूर. कर्जतचा वडा एवढा नावाजलेला का, ते मामंजींनी सांगितलं : तिथून पुढं बोरघाट चढायचा म्हणून मुंबईहून येणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात. तेवढा वेळ गाडी थांबते, आणि तेवढ्यात प्रवासी वडे खातात. लगेच आमच्या गाडीलाही मागून दोन दांडगी चुलत भावंडं जोडली आणि सगळी वरात ओट्याच्या पायऱ्या चढली.

लोणावळ्याला चिक्कीचा एकेक तुकडा. अगदी लहानग्यांना, चार-पाच वर्षांखालच्यांना, अख्ख्या शेंगदाण्याची चिक्की देऊ नका, ठसका लागतो. त्यांच्यासाठी दाण्याच्या कुटाचा लाडू ठेवला होता. पुण्याला लिंबाचं सरबत. साताऱ्याला कंदी पेढा, पाव किलोत भागवला, अर्धा अर्धा करून. महाग वस्तू थोडी दिली की तिची चव कळते, असं आपण म्हणायचं. किर्लोस्करवाडीला खाणं नव्हतं, खेळ होता. माळरानावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला आणि लोखंडी नांगर केले, एवढं सांगून एका परातीत भावजींनी आणलेले नट आणि बोल्ट ओतले. एक मिनिटात कोण जास्त नट फिरवून बसवतो? या खेळात सगळ्यांत पुढं निघाली ती शेजारची छोटी, जिला एरवी मुलगे गाड्यांच्या खेळात घेतच नाहीत.

सांगलीला भडंग. तेही घरचंच. जाड चुरमुरे पाव किलो, तेलात लसणाच्या ठेचलेल्या पाकळ्या, कढीपत्ता, दाणे, हळद, थोडं तिखट, मीठ, आणि शेवटी चिमूटभर पिठीसाखर. चुरमुरे आधी कोरडेच मंद आचेवर गरम करून घ्या म्हणजे कुरकुरीत राहतात.

आणि सांगली-मिरजेच्या मधे आमचा मुख्य खेळ. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं, तेव्हा आपल्या मिरजेहून आगगाडीनं पाणी गेलं, आठवतं ना? पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, एकेकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. 'जलदूत' म्हणायचे त्या गाडीला. ही मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती. अंगणाच्या एका टोकाला भरलेली बादली, ती मिरज. दुसऱ्या टोकाला रिकामी, ती लातूर. दोन तुकड्या केल्या. प्रत्येकानं पेला भरून, न सांडता, पुढच्याच्या हातात द्यायचा. जिची लातूरची बादली जास्त भरेल ती तुकडी जिंकली. पहिल्या फेरीत धावाधाव करून निम्मं पाणी पायावर. मामंजी नुसतं म्हणाले, "तिकडं आजी घागर घेऊन उभी आहे रे." दुसऱ्या फेरीत पोरं अशी जपून चालली, की देवाचं तीर्थच हातात आहे जणू. उरलेलं पाणी तुळशीला आणि जास्वंदीला घातलं. हा खेळ घरात मात्र खेळू नका, आणि मुलांच्या आयांना कपड्यांचा एक जोड पाठवायला सांगा. मी सांगायला विसरले होते. बाळाचे सदरे घालून तीन पोरं घरी गेली!

मिरजेला गाडी पोचली की केक. रव्याचा, बिनअंड्याचा. प्रमाण लिहून घ्या : बारीक रवा दोन वाट्या, पिठीसाखर सव्वा वाटी, दही एक वाटी, दूध एक वाटी, तूप किंवा तेल अर्धी वाटी. हे कालवून अर्धा तास झाकून ठेवायचं, रवा फुगतो. घट्ट वाटलं तर थोडं दूध आणखी. मग बेकिंग पावडर एक चमचा, खायचा सोडा पाव चमचा, वेलची. लगेच तूप लावलेल्या डब्यात ओतायचं. ओव्हन नको. जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात तळाला वाळू पसरायची, वर स्टँड, झाकण लावून दहा मिनिटं आधी तापवायचं, मग डबा आत ठेवून मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. सुरी घालून कोरडी निघाली की झाला.

आणि मधे झाकण उघडू नका! सांगते कशी, कारण जाऊनं वीस मिनिटांत उघडून पाहिलं आणि केक मधोमध बसला. तिच्या तोंडचं पाणी पळालं, सामान पुन्हा आणायचं तर पैसे मोजलेले. मी म्हटलं, घाबरू नकोस, आगगाडीला कोळसा लागतोच की. बसलेला केक चुरला, दोन चमचे कोको आणि थोडं दूध घालून काळेभोर गोळे वळले. पुरवणीला ठेवलेल्या रव्यातून लहान चौकोनी केक केला, त्याच्या चार बाजूंना गोल बिस्किटांची चाकं लावली आणि मागं ताटलीत कोळशाचा ढीग. पोरांनी केक ठेवला आणि कोळसा संपवला.

आता त्या काडेपेट्या. प्रत्येक मूल आल्या आल्या आपली काडेपेटी जाऊच्या धाकट्या नणंदेकडं द्यायचं. तिनं रंगीत कागद, डिंक आणि खडू मांडून ठेवले होते. सगळी जमेपर्यंत पहिली वीस मिनिटं त्यातच जातात आणि लवकर आलेली पोरं घरभर पळत नाहीत. प्रत्येकानं आपली पेटी एक डबा म्हणून रंगवायची, त्यावर आपलं नाव. शेवटी सगळ्या सुईदोऱ्यानं ओवल्या. झाली गाडी तयार! तीच बाळाची भेटवस्तू. आणि मुलांना परत द्यायला एकेक पत्र्याची शिट्टी आणि रुळांचं चित्र काढलेली छोटी वही. (शिट्ट्या मात्र जाताना दारातच द्या. हा अनुभवाचा सल्ला आहे.)

हिशोब विचाराल तर असा. बटाटे, बेसन, तेल मिळून २८५. केकचं सामान, फुकट गेलेला धरून, २४०. चिक्की नि पेढे २६०. भडंग, लिंबं, साखर, चटणी १७०. रंग, कागद, डिंक १३०. शिट्ट्या-वह्या ३००. हार, फुलं, नारळ ८०. एकूण १,४६५. उरलेल्या पस्तीस रुपयांचं जाऊनं दूध घेतलं आणि संध्याकाळी उशिरा आम्ही सगळ्यांनी ओट्यावर बसून कॉफी प्यायली. तुमच्या गावी भाव थोडे इकडचे तिकडे असतील, पण आकडा आधी ठरवून कागदावर लिहा आणि तो कागद नवऱ्यासमोर ठेवा. भावजी त्या दिवशी नट-बोल्टच्या परातीपाशी मांडी घालून बसले होते. हॉलमध्ये ते कुठं तरी कोपऱ्यात पैशाचं पाकीट चाचपत उभे राहिले असते.

आणि पोट दुखणारा तो मुलगा? तो साडेचारलाच हजर झाला. एक सांगितली होती तर हा पाच काडेपेट्या घेऊन आला. कुठून कुठून, शेजारीपाजारी मागून जमवलेल्या. त्यातल्या चार, ज्यांना आणायला जमलं नव्हतं त्या पोरांना त्यानं वाटल्या.

सोलापूरहून एका भगिनीनं पत्रात विचारलं आहे, की आमच्या मुलीला गाड्यांचं वेड नाही, मग काय करू? अहो, मुलीलाही गाडी आवडते, विचारून तर पाहा. पण दुसरं हवं असेल तर वाढदिवस कोणत्या महिन्यात येतो ते बघा, बाजारात जे स्वस्त आणि मुबलक तेच धरा. दिवाळीच्या आगेमागे आला तर किल्ला. माती, विटा, मावळे घरात असतातच, फक्त सगळ्या पोरांनी मिळून बांधायचा आणि खायला फराळ आहेच. जानेवारीत पतंग आणि तिळगुळाचे लाडू. मे महिन्यात आंबा : कोयींना चेहरे रंगवायचे, डोळे बांधून वासावरून हापूस की पायरी ओळखायचं, आणि केकऐवजी वाटीभर आमरसात पुरी. मेमध्ये शाळेतली पोरं गावाला जातात, ती जमत नाहीत, म्हणून तेव्हा गल्लीतली आणि आजोळची धरावीत. जत्राही छान होते, पण तिला जागा लागते आणि दोन-तीन मोठी माणसं हाताशी लागतात. रिकाम्या डब्यांची उतरंड चेंडूनं पाडायची, बांगड्या खुंटीत अडकवायच्या, कागदी भिरभिरी, आणि खायला भेळ. एकटीच्यानं मात्र ती निभत नाही.

जून-जुलैची बाळं सगळ्यांत नशीबवान. जुन्या वह्यांच्या कागदांच्या होड्या, दोन परातीत पाणी, फुंकर मारून कुणाची होडी आधी पैलतीरी जाते ते बघायचं, आणि गरम कांदाभजी. खाणं बेसनाचं आणि तेलाचं, म्हणजे तीनशेच्या आत. फक्त दाराशी जुनं पोतं आणि चार पंचे ठेवायला विसरू नका, पोरं भिजल्याशिवाय राहायची नाहीत.